‘गावठी कुत्र्याला काही होत नाही’

मामा आणि ताई या दोघांचाही कुत्र्या-मांजरांवर जीव आहे, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर त्यांचा वाद वाचून कुणाचा तरी गैरसमज व्हायचा. मामाची शेती वाशिष्ठीच्या काठी, चिपळूणपासून थोडी आत. दारात दोन-तीन कुत्री कायम असतात आणि मांजरं तर येऊन-जाऊन. ताई परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि आता पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. गणपतीला सगळे गावी जमलो की या दोघांचं जुंपतं. यंदाचं बोलणं मी लिहून ठेवलं, कारण मामा म्हणतो तसंच बहुतेक गावं म्हणतात, आणि ताई सांगते ते गावात कुणी सांगायला येत नाही.

मामा : बाय, आमच्या लहानपणी कुत्र्याला कुणी डॉक्टर दाखवला नव्हता. भाकरीचा तुकडा खायचं आणि रात्री राखण करायचं. पोट बिघडलं तर गवत खाऊन ओकायचं, दोन दिवस उपाशी पडून राहायचं, तिसऱ्या दिवशी उठून भुंकायला लागायचं. गावठी कुत्र्याला काही होत नाही. रोग होतात ते तुमच्या विकतच्या कुत्र्यांना.

ताई : काळीला गेल्या वेताला किती पिल्लं झाली?

मामा : सहा.

ताई : जगली किती?

मामा : हा समोर बसलाय तो. बाकीची पावसात गेली.

ताई : पावसात म्हणजे काय झालं त्यांना?

मामा : खायची बंद झाली, ओकायला लागली. मग रक्ताची हगवण. वास असा की जवळ जाववेना. दोन-तीन दिवसांत एकेक करत संपली.

ताई : पावसानं रक्त पडत नाही, मामा. तो पार्व्हो असणार. गावठी कुत्र्याला काही होत नाही असं तू म्हणतोस, ते या एका उरलेल्याकडे बघून. जी पाच गेली ती तू मोजतच नाहीस. रस्त्यावरचं कुठलंही धडधाकट कुत्रं बघ, त्याची भावंडं कुठे आहेत ते विचार. ते काटक असेल, पण त्या काटकपणाची किंमत बाकीच्या पिल्लांनी दिलेली असते.

मामा थोडा वेळ गप्प बसला. पण हार मानणाऱ्यातला तो नाही.

मामा : आणि त्या शेजारच्यांच्या पोरानं शहरातून आणलेलं पिल्लू? त्याला तर सुई टोचली होती. तेही याच रोगानं गेलं. मग सुईचा उपयोग काय?

ताई : किती सुया दिल्या होत्या?

मामा : एक. दीड महिन्याचं होतं तेव्हा.

ताई : तिथंच चुकलं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती काही आठवडे टिकते, आणि टिकते तोवर लसीलाही ती निष्प्रभ करते. कुठल्या पिल्लात ती कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे झाल्यावर पडला पाहिजे. तोवर पिल्लाला बाहेरच्या कुत्र्यांत मिसळू द्यायचं नाही. एका सुईवर थांबलात तर मधल्या काळात पिल्लू उघडंच असतं. आणि तुझ्या अंगणाचं सांगते. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. फिनाईलनं मरत नाही, ब्लीचिंगनं मरतो. त्यामुळे पुढच्या वेताची पिल्लंही त्याच जागी लोळली तर त्यांनाही तोच धोका.

पार्व्हो हा काही पुराणातला रोग नाही. 1978 च्या सुमारास तो पहिल्यांदा लक्षात आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मामाच्या लहानपणी कुत्री पार्व्होनं मरत नव्हती हे त्याचं म्हणणं त्यामुळे खोटं नाही. त्याच्या लहानपणी हा रोगच नव्हता. आता आहे, आणि उपचार झाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. वेळेवर सलाइन मिळालं, उलट्या आवरल्या, तर बहुतेक वाचतातही. या रोगात पिल्लू मरतं ते मुख्यतः अंगातलं पाणी संपून आणि आतड्याच्या फुटलेल्या अस्तरातून जंतू रक्तात शिरून.

मामा : बरं, गोचीड तरी आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. आम्ही हातानं काढतो, नाहीतर गुरांचं औषध पाण्यात घालून अंगावर ओततो.

ताई : हातानं काढलेला गोचीड कुठे टाकतोस?

मामा : कुठे म्हणजे? अंगणात.

ताई : रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावर राहतच नाही. ती आपणहून गळते, भिंतीच्या फटीत, लाकडांच्या राशीत जाते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. तू तिला काढून अंगणात टाकतोस म्हणजे तिचं काम सोपं करतोस. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याच्या कितीतरी पट गोचीड गोठ्याच्या भिंतीत असतात. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. त्याची बसायची जागा, फटी, पोतं सगळं साफ करायला लागतं. आणि काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटात टाकायचा. नखानं चिरडायचा नाही.

मामा : गोचिडानं थोडं रक्त पिलं तर काय मरतं का कुत्रं?

ताई : रक्त प्यायल्यानं कमी मरतात. रक्तात जे सोडून जातो त्यानं मरतात. माझ्या दवाखान्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर येणाऱ्या आजारांत गोचीडताप सगळ्यात वरचा. एक जंतू आहे एर्लिकिया, तो पांढऱ्या पेशींत शिरतो. प्लेटलेट कमी होतात, मग नाकातून रक्त येतं, पोटावर लाल-जांभळे ठिपके दिसतात. दुसरा बबेसिया. तो तांबड्या पेशीच फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहासारखी गडद होते. सुरुवातीला मात्र दोन्हींत एवढंच दिसतं की कुत्रं जेवत नाही आणि कोपऱ्यात पडून आहे. लोक म्हणतात, उन्हानं झालं असेल. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या लागतात, साधारण चार आठवडे. पाचव्या दिवशी कुत्रं जेवायला लागतं आणि घरचे गोळ्या बंद करतात. जंतू तसाच राहतो. दीड-दोन वर्षांनी तेच कुत्रं येतं, आणि तेव्हा हाडांतला मगज रक्त बनवायचंच थांबलेला असतो. तिथे मग माझ्याही हातात फारसं काही उरत नाही.

मामा : आणि गुरांचं औषध?

ताई : प्रमाण चुकलं तर कुत्र्यालाही त्रास होतो. पण मांजराला ते चुकूनही लावू नकोस. कुत्र्याच्या आणि गुरांच्या गोचीड-पिसवांच्या पुष्कळ औषधांत जे रसायन असतं, ते मांजराच्या शरीराला मोडता येत नाही. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात. कुत्र्याच्या अंगावर ते ताजं लावलेलं असताना मांजर त्याला घासून बसलं तरी पुरतं.

इथे मामीनं विचारलं की मांजराला ताप आला तर आपली तापाची अर्धी गोळी द्यायला काय हरकत आहे. ताईचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्यानंतर ती जे बोलली ते प्रत्येक घरातल्या औषधाच्या डब्यावर चिकटवून ठेवावं असं मला वाटतं.

ताई : मामी, पॅरासिटामॉल मांजराला कधीही द्यायचं नाही. अर्धी नाही, पाव नाही. माणसाचं यकृत ज्या पद्धतीनं ते निकामी करतं ती पद्धत मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. पाचशेच्या एका गोळीनं मांजर मरतं. रक्त प्राणवायू धरेनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. आणि हे घडवणारी माणसं वाईट नसतात, मायेनंच देतात. कुत्र्याचंही तेच. लंगडतंय म्हणून मामा स्वतःच्या कंबरदुखीची गोळी त्याला देतो की नाही?

मामा : दिली आहे. डायक्लो.

ताई : त्यानं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, रक्त पडतं, मूत्रपिंडं बिघडतात. हेच औषध गुरांना देत होते, त्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली ती त्यामुळे. इथल्या आकाशातली गिधाडं कमी झालेली तू तुझ्या डोळ्यांनी पाहिली आहेस. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं मिळतात, वजनावर मोजून द्यायची असतात.

मामा : मग घरात करायचं तरी काय? रात्री दोन वाजता कुत्रं आजारी पडलं तर तू पुण्याहून येणार आहेस?

मामाचा हा प्रश्न मला सगळ्या वादातला खरा वाटला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर गाई-म्हशींच्या मागे दिवसभर मोटारसायकलवर फिरत असतो. कुत्र्या-मांजरांसाठी क्ष-किरण, रक्ततपासणी, भूल देण्याची सोय हवी तर शहर गाठावं लागतं, आणि बेशुद्ध कुत्र्याला एसटीत घेत नाहीत. रिक्षा करून गेलं तर बिल बघून शेतकऱ्याला घाम फुटतो.

ताई : हे तू म्हणतोस ते अगदी खरं. आणि आमच्यातही काही जण दारात आलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या सगळ्या तपासण्या लिहून देतात, तेही खरं. साध्या पोटबिघाडाला पाच-सहा हजारांचे कागद कशाला? म्हणून मी माणसांना आधी बघायला शिकवते. घरात एक साधा थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेव. नाक गरम की थंड यावरून काही कळत नाही. ताप गुदद्वारातून मोजायचा. 101 ते 102.5 फॅरनहाइट हा कुत्र्या-मांजराचा नेहमीचा. आपल्याला जो ताप वाटेल तो त्यांचा निरोगीपणा असतो. मग ओठ वर करून हिरडी बघ. बोटानं दाबली की पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. पांढरी, पिवळी किंवा निळी असेल तर सकाळची वाट बघायची नाही. मोठ्या कुत्र्याला एकदा उलटी झाली, पण ते शेपटी हलवतंय, पाणी पितंय, तर एक वेळ उपाशी ठेवून बघायला हरकत नाही. तिथे तुझा उपास चालतो. पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचं नाही.

मामा : आणि बोका? तो परवा सारखा माळ्यावर कोपऱ्यात जाऊन कुंथत होता. शौचाला होत नसेल म्हणून मी एरंडेल पाजणार होतो.

ताई : लघवी झाली होती का त्याला?

मामा : ते कोण बघतंय?

ताई : ते बघायचं. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते; खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते. माणसाला वाटतं बद्धकोष्ठ. सारखं बसतो, ओरडतो, खालून चाटतो, एखादा थेंब पडतो. पोटाला हात लावलास तर आत घट्ट गोळा लागतो, तो फुगलेला मूत्राशय. रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबतं. वेळेत आणला तर नळी घालून मोकळा करता येतो. मांजराच्या आजारांत माझ्या मते सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे. तुझा बोका मोकळा झाला ते त्याचं नशीब.

मांजराच्या खाण्यावरूनही दोघांत थोडी बाचाबाची झाली. मामाचं म्हणणं, मांजर दूधभातावर वाढतं. ताईनं सांगितलं, मोठ्या मांजराला दूध पचत नाही, आणि मांस-मासळीशिवाय त्याला टॉरिन नावाचं द्रव्य मिळत नाही. त्याच्या अभावी मांजराचं हृदय फुगतं, हे 1987 मध्ये सिद्ध झालं आहे. कोकणातली मांजरं ठीक राहतात ती दुधामुळे नव्हे, बांगड्याच्या डोक्यांमुळे. कांदा-लसणाचं कालवण मात्र कुत्र्याला आणि मांजरालाही घालू नये, त्यानं रक्तपेशी फुटतात. एवढ्यावर तो विषय मिटला.

नसबंदीवर मिटला नाही.

मामा : मुक्या जनावराची कूस कापायची, हे मला पटत नाही. निदान एक वेत तरी व्हायला हवं, नाहीतर कुत्री आजारी पडते.

ताई : एक वेत झाल्यानं कुठलाही आजार टळत नाही. उलट सांगते. माजानंतर महिना-दोन महिन्यांनी वय झालेली कुत्री खूप पाणी प्यायला लागते, जेवत नाही, कधी मागून पू येतो, कधी येतही नाही. गर्भाशयात पू साठलेला असतो. रात्रीतून ऑपरेशन करावं लागतं, आणि त्या वेळी कुत्री आधीच अर्धी खचलेली असते. तेच ऑपरेशन तरुण, निरोगी कुत्रीचं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी चालत गेली असती. रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून पसरणाऱ्या गाठी होतात. त्या गाठीच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. त्यावर औषध आहे, आठवड्याला एक असं काही आठवडे शिरेतून द्यावं लागतं. तू देणार आहेस? मोठ्या जातीच्या कुत्र्यांत नसबंदी जरा उशिरा करावी, असं आता आम्हीही म्हणतो, कारण हाडं-सांधे वाढायला वेळ लागतो. पण काळीला तुझ्याकडून एवढंच मिळू शकतं. पाच पिल्लं गाडण्यापेक्षा ते दयेचं आहे.

शेवटचं वाक्य कठोर होतं. मला ते गरजेचं वाटलं.

मामा : 2021 च्या पुरानंतर आमचा वाघ्या गेला. डोळे पिवळे झाले होते. त्यालाही सुईनं वाचवता आलं असतं म्हणतेस?

ताई : लेप्टो असावा. उंदरांच्या मुताचं पाणी सगळीकडे पसरलं होतं. माणसांनाही झाला त्या वेळी. कुत्र्याच्या एकत्रित लशीत लेप्टोचा भाग असतो. सगळ्या प्रकारांपासून नाही, पण काहींपासून वाचवतो, आणि दरवर्षी घ्यावा लागतो. कोकणात राहणाऱ्या कुत्र्यानं तो पावसाळ्याआधी घेतलेला बरा. वाघ्या नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही. शक्यता वाढली असती.

मामा : आणि पिसाळण्याची सुई? आमचा कुत्रा वाडीबाहेर जात नाही.

ताई : तो जात नाही, पण बाहेरचा आत येतो. मुंगूस येतं, कोल्हा येतो. रेबीज झाला की जनावर काय किंवा माणूस काय, लक्षणं दिसल्यावर उपाय नाही. या एका लशीवर मी वाद घालणार नाही. तिची किंमत गावठी कोंबडीपेक्षा कमी आहे. तीन महिन्यांचं पिल्लू झालं की पहिली, मग दरवर्षी. मांजरालाही. कुणाला चावलं, ओरखडलं, तर चुना-मिरची-हळद काही न लावता पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मामा : एकट्या माझ्या कुत्र्याला टोचून गावातला रेबीज जाणार आहे का?

ताई : नाही. पण गोव्याकडे बघ. तिथे 2014 पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून घरोघरी, गल्लोगल्ली, जाळी घेऊन कुत्र्यांना टोचत फिरली. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हे जुनं गणित आहे. कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून जास्त घटला, आणि 2018 व 2019 मध्ये तिथे एकही माणूस रेबीजनं दगावला नाही. गोवा आपल्यापासून किती लांब आहे? तिथली कुत्री वेगळी आहेत का?

मामानं यावर उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं म्हाताऱ्या कुत्र्याचा विषय काढला. शहरात बारा-चौदा वर्षांच्या, उठताही न येणाऱ्या कुत्र्याला महिनोन्‌महिने सलाइनवर ठेवतात हे त्यानं ऐकलं होतं. ‘त्यापेक्षा आपल्या झाडाखाली मरू द्यावं,’ असं त्याचं मत. इथे ताई पूर्णपणे त्याच्या बाजूनं झाली. मालकाला सोडवत नाही म्हणून जनावराचा त्रास लांबवणं तिलाही मान्य नाही. फक्त झाडाखाली तीन दिवस तडफडत मरण्यापेक्षा भूल देऊन शांतपणे जाऊ द्यावं, एवढीच तिनं भर घातली. मामाला ते पटायला वेळ लागेल. मला पटलं.

माझं मत सांगतो. पैशाचं आणि अंतराचं मामा जे बोलतो ते सरकारनं ऐकायला हवं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी ठरवली आहे. ती कागदावर ठेवून चालणार नाही. पण मामाचं ‘काही होत नाही’ हे मात्र सोडून द्यायला हवं. लस, गोचीड-जंतांचा बंदोबस्त, नसबंदी, माणसांच्या गोळ्या लांब ठेवणं, एवढ्यानं टळणारी मरणं अजूनही आपल्या अंगणात होत आहेत.

तेव्हा वाचकहो, येत्या ग्रामसभेत पावसाळ्याआधी कुत्र्या-मांजरांच्या रेबीज लसीकरणाचं शिबिर भरवण्याची मागणी करा. पशुवैद्यकीय दवाखान्याला ग्रामपंचायतीचं पत्र द्या, आणि शिबिराच्या दिवशी आपलं कुत्रं, आपलं मांजर आणि गल्लीतलं एक बेवारशी जनावर तिथे घेऊन जा.